कोरगावची घोंगडी आणि डोंगरवारा

लोकरीच्या घोंगडीचा वास आला की मला कोरगावची एक हिवाळी सकाळ आठवते आणि अजून डोकं तापतं. गोवा घटक राज्य झालं त्या वर्षी मी घोंगड्यांचा पहिला गठ्ठा घेऊन बेळगावहून घाट उतरलो होतो. तो खपला नसता तर पुन्हा दुसऱ्याच्या दुकानात नोकरी ठरलेली होती. उजाडताना काजूच्या बागांवर धुकं होतं आणि सह्याद्रीवरून उतरलेला वारा अंगाला झोंबत होता. एका म्हातारीने दारात कुडकुडतच सगळ्यांत जाड घोंगडी उचलली, म्हणून मी भाव चढवून सांगितला. ती म्हणाली, "घाई कित्याक, पुता? आधी चाय घे, उंडो खा." गरम पावाच्या वासाला भुलून मी बसलो. चहा झाला, मग घाटावरच्या पिकांची चौकशी झाली, मग माझ्या लग्नाची. तोवर ऊन वर आलं, डोंगराचा वारा पडला, हरमलकडून दर्याचा दमट वारा सुटला आणि मी घामाने निथळू लागलो. "आता बोल, कितक्याक देतंस?" म्हणत ती हसली. मी चिडलो, आवाज चढवला आणि शेवटी तिच्याच भावात घोंगडी दिली. वर तिने मला शिकवलं, "उद्या सूर्य येवच्या आधी फिर. डोंगरावयली थंडी तेव्हा खाली आसता, लोक भाव करणत नाय." दुसऱ्या दिवशी ऊन पडायच्या आत गठ्ठा रिकामा झाला. आज पेडण्यात माझं स्वतःचं दुकान आहे. पण माझ्या पहिल्याच गिऱ्हाइकाने डोंगर आणि दर्या दोघांना हाताशी धरून मला लुबाडलं, ही तक्रार मी अजून सोडलेली नाही.