ट्रायलचं बी

आईच्या गुडघ्यातली गादी झिजली, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला ‘कार्टिलेज’ हा शब्द येत होता, ‘गादी’ येत नव्हता. लहानपणापासून मी शहरात, इंग्रजी शाळेच्या बोर्डिंगात; माझं मराठी ऐकलं की गावातल्या बायका पदराआड हसायच्या. म्हणून मी फारसं बोलतच नसे.

आईला एवढंच हवं होतं, की कांद्याच्या लागणीला बाकीच्या बायांसोबत वाफ्यात बसता यावं. दोन वर्षं ती बांधावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून रोपांच्या जुड्या सोडून देत होती. “पाटलीणबाई, चहा सांगू का?” बायका विचारायच्या. ती हसायची. ते हसू मला बघवत नसे.

मग काका शिबिराची बातमी घेऊन आले. पुण्याहून कुणी दवाखानेवाले येणार होते.

“वहिनी, ऑपरेशन न्हाई, काय न्हाई. तुमच्याच अंगातल्या मूळपेशी काढायच्या अन् गुडघ्यात सोडायच्या. बी पेरल्यावानी. नवी गादी उगवती.”

“कुठनं काढत्यात?”

“पोटाच्या चरबीतनं.”

“माझ्या पोटाला चरबी कुठली, भावजी? त्यापरीस आपली एखादी मेंढी न्या.”

पण शिबिराच्या दिवशी तिने ठेवणीतली साडी नेसली.

मंगल कार्यालयात खुर्च्या भरल्या होत्या. कोट घातलेल्या एका तरुणाने व्हिडिओ दाखवला. त्यात एक आजोबा गडाच्या पायऱ्या चढत होते. मग फॉर्म वाटले. आठ पानं, सगळी इंग्रजीत. काकांनी मला पुढे ढकललं. “ही इंग्लिश मीडियमची हाय. सही कुठं करायची ते दाखवील.”

मी तेवढ्यासाठीच आले होते.

मूळपेशींवर खरं संशोधन चालू आहे, काहींना आराम पडला आहे, हे मी आधी वाचलं होतं. हे खरं निघावं असं मलाही वाटत होतं. पण पाचव्या पानावर एक वाक्य होतं. हा उपचार प्रायोगिक आहे, त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही आणि गुण आला नाही तर माझी तक्रार राहणार नाही. मी ते तीनदा वाचलं. ‘एक्सपेरिमेंटल’ला मराठी शब्द आठवेना.

“आई,” मी म्हणाले, “हे ट्रायल आहे.”

आईचा चेहरा बदलला. ट्रायल आमच्याकडे सगळ्यांना कळतं. कंपनी नव्या वाणाचं बी तुमच्या रानाच्या एका कोपऱ्यात लावते, बोर्ड ठोकते, उगवण बघायला माणूस पाठवते. बी फुकट असतं, कारण उगवेल की नाही ते कंपनीलाही माहीत नसतं. विकतच्या बियाण्याची गोष्ट वेगळी. त्याच्या पिशवीचा टॅग पीक निघेपर्यंत जपून ठेवायचा, नाहीतर तक्रार कशावर करणार?

“ट्रायल हाय, तर मग फुकाट असंल,” आई त्या तरुणाला म्हणाली.

“नाही मावशी, पॅकेज आहे.”

“बरं. मग टॅग कुठाय?”

“टॅग?”

मागच्या रांगा हसल्या. “वहिनी, गुडघ्याला टॅग असतो व्हय?” काका म्हणाले. मग माझ्याकडे वळून, दात आवळून, “तुला सही कुठं करायची तेवढंच इचारलं व्हतं.”

मी पहिलं पान उघडलं आणि मोठ्याने सांगायला लागले. माझ्या मराठीत, अडखळत. ‘ती गुडघा’ म्हणाले. कुणी हसलं नाही. “पोरी, जोरात वाच की,” मागून एक म्हातारे ओरडले. तरुणाने फॉर्म घ्यायला हात पुढे केला. मी दिला नाही.

तरीही काहींनी सह्या केल्या. आईने केली नाही.

परतताना जीपमध्ये काका पुढे, ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले. घर जवळ आलं तशी आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, “खोटं असतं तरी चाललं असतं गं. चार दिस बरं वाटलं असतं.”

ते मला लागलं. अजून लागतं. पण उद्या तसाच फॉर्म आला तर मी तो पुन्हा तसाच वाचेन, आणखी मोठ्याने. खरी ट्रायल आली, ही ट्रायल आहे असं कुणी तिच्या तोंडावर, तिच्या भाषेत सांगितलं आणि नंतर गुडघा बघायलाही आलं, तर मीच तिला घेऊन जाईन. सही कुठे करायची तेही दाखवेन.

तो फॉर्म घरीच आहे, बियाण्याच्या टॅगांच्या डब्यात.

यंदाच्या लागणीला वडिलांनी एका स्टुलाचे पाय अर्धे कापून दिले. आईने ते वाफ्यात नेलं. ती बसताच ते चिखलात रुतलं.

“पाटलीणबाई,” कुणीतरी सुरुवात केली.

“लाव गं गप,” आई म्हणाली आणि तिने रोपांची जुडी सोडून पहिलं रोप चिखलात खोचलं.