पिवळ्या रंगाखालची रेघ

साठ-बासष्ट सालची गोष्ट. अकोल्यात, वैशाखातल्या भर दुपारी, तीच गाडी आमच्या दारासमोर येऊन उभी राहिली... इंजिन बंद व्हायच्या आधीच मी आतून ओळखलं होतं.

आमचे हे ट्रक रंगवायचे. वर्षभरापूर्वी याच गाडीच्या बाजूला, सगळ्यात वरच्या फळीवर 'माँ की दुआ' लिहिताना ते पडले. खाली पिंप, पिंपावर स्टूल आणि स्टुलावर हे. 'दु'चा उकार ओढताना तोल गेला आणि हातातला कुंचला फळ्यांवरून घासत खाली आला... दवाखान्यातून ते परत आले नाहीत.

दुकान मग मी चालवू लागले. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण त्यांनी आखलेल्या अक्षरांत रंग भरता भरता वाचायला शिकले होते. मात्र जमिनीवर उभं राहून हात पोचेल तेवढंच काम घ्यायचे. नंबर, खालची वेलबुट्टी... वर कधी चढले नव्हते.

गाडी चाँदभाईंची. स्वतःच चालवायचे, परतवाड्याहून लाकूड आणायचे. उतरले ते मान खाली घालूनच.

"वयनी, दोन खेपा पिवळा मारून पाह्यला. थोडे दिवस गेले का पुन्हा वर येते थे रेघ. लोकं म्हणतात, गाडीले रक्त लागलं. माल भराले कोणी तयार नाही. अमरावतीचे पेंटरबी हात लावत नाहीत."

मी बाहेर येऊन पाहिलं. 'माँ की दु'... आणि तिथून खाली, दोन्ही खेपांच्या पिवळ्यातून, लाल रेघ उमटली होती. कातडीखालची शीर दिसावी तशी.

"लाल हाये थो," मी म्हटलं. "लाल पिवळ्याखाली झोपत नाही. चपडा द्या लागते त्याले." हे आमच्या यांनीच शिकवलेलं. लाखेचा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून हात दिला की खालचा रंग वर येत नाही.

एवढं सांगून गाडी दुसऱ्या कोणाकडे पाठवता आली असती. पण ती रेघ म्हणजे त्यांच्या हातचं शेवटचं काम... ते दुसऱ्या कोणी खरवडावं, हे मला सोसलं नसतं. झाकायचंच असेल तर मीच झाकणार होते. आणि त्यासाठी ते पडले तिथंच चढावं लागणार होतं.

चाँदभाईंना पिंप मी घेऊच दिलं नाही. सुताराकडून दोन लाकडी घोडे आणले, त्यांवर रुंद फळी टाकली, दोन्ही टोकं काथ्याच्या दोरीनं आवळली. गाडीच्या चाकांखाली दगड लावले.

सासूबाई उंबऱ्यातून बघत होत्या. "चढू नको वं पोरी. थे गाडी तुले बलावून राह्यली."

"मंग तुमी या घोडा धराले," मी म्हटलं. "बलावलं तर दोघी जाऊ."

त्या खरंच आल्या. पदर तोंडाशी धरून एका घोड्याला बिलगून उभ्या राहिल्या. दुसरा चाँदभाईंनी धरला.

वर गेले आणि खालचं सगळं एकदम दूर झालं... रस्त्यावर माणूस नव्हतं. कावळे चोच उघडून गप्प बसले होते. लाकडाला हात लावला तर तापलेलं, माणसाच्या अंगात ताप असावा तसं. जवळून दिसलं, रेघ सलग नव्हती. एका जागी ती तुटली होती आणि वीतभर खाली पुन्हा सुरू झाली होती. त्या वीतभरात काय झालं असेल... मी विचार करायचा नाही असं ठरवलं, तरी केला.

मी 'की'समोर उभी होते. 'दु' थोडा पुढं होता. कुंचला चपड्यात बुडवला, हात लांबवला... अजून थोडा. कोणी मनगट धरून नेत असल्यासारखा हात जात होता. खरं सांगते, भीती वाटत नव्हती. बरं वाटत होतं... तेच भयंकर होतं.

तेवढ्यात खालून चाँदभाई अगदी हळू म्हणाले, "वयनी... फळी सरकवू काय?"

मी खाली पाहिलं. माझा एक पाय फळीवर होता. दुसरा हवेत.

मी उतरले. दोऱ्या सोडल्या, घोडे सरकवले, पुन्हा आवळल्या आणि परत चढले. आता 'दु' बरोबर माझ्या छातीसमोर होता. हात अर्धाही लांबवावा लागत नव्हता... ते पडले ती जागा एवढी जवळ होती. मी तिथंच फळीवर बसले आणि रडले. सासूबाईंनी खाली घोडा सोडला नाही.

मग वरून खालपर्यंत चपडा दिला. तो सुकल्यावर पिवळ्याचे दोन हात. शेवटी 'आ' लिहिला.

चाँदभाईंना माल मिळू लागला. प्रत्येक फेरीला ते गाडी दारापुढं थांबवायचे. "पाहा वयनी, नाही आली," म्हणून हसायचे. मीही बाहेर येऊन बघायचे.

त्यांनी खालून हाक मारून दचकवलं नाही, फक्त फळी सरकवू का म्हणून विचारलं. त्या विचारण्यावर मी आजवर जगले, त्यांचे उपकार विसरणार नाही. पण तेव्हा हे त्यांना कसं सांगणार होते... की एवढ्या गावात ती रेघ परत यावी म्हणून वाट बघणारी मी एकटीच होते.