पॉवेलसाहेबांचं मूळ गाव

सौदीतल्या तबूकच्या कॅम्पात सिराजुद्दीन परकार आमचा इलेक्ट्रिशियन फोरमन होता. दापोलीकडचा. नवा माणूस भेटला की आधी आडनाव विचारायचा आणि मग गाव. गाव नसलेला माणूस असू शकतो, हे त्याला पटतच नसे.

सौदीकरणात आमच्या पॉवेलसाहेबांच्या जागी सौदी इंजिनियर आला. साहेब एकटे. जन्म जोहान्सबर्गचा, पण तिथं आता त्यांचं कुणी उरलं नव्हतं.

"मग जाणार कुठं?" सिराजनं विचारलं.

"तेच ठरत नाही. आजोबा वेल्सच्या कोळशाच्या खाणीतून तिकडे गेले, एवढंच ठाऊक. पॉवेल म्हणजे हवेलचा मुलगा. पूर्वी आमच्यात बापाचंच नाव लावत."

"इथल्या राहण्याच्या परवान्यावर, इकाम्यावर, आमचंही तसंच. पण पणजोबांना पुरलं कुठं?"

"काय माहीत!" साहेब हसले.

"अहो, विचारा की! कबर असेल ते गाव तुमचं."

सिराजनं रोज पिच्छा पुरवला. शेवटी साहेबांनी लंडनच्या आत्याला फोन केला. नव्वदीच्या त्या बाईंनी डोंगरातल्या एका खेड्याचं नाव पटकन सांगितलं. साहेब तिकडेच गेले.

दोन महिन्यांनी त्यांचं पत्र आलं. घर भाड्यानं मिळालं होतं. गल्लीत तीन पॉवेल होते, पण नात्यातलं कुणी नव्हतं.

सिराज वैतागून मला म्हणाला, "नात्यातलं नाही कसं? यांना विचारताच येत नाही! भाऊ, लिहा त्यांना. आधी आजोबांचं नाव सांगायचं, मग पणजोबांचं."

इंग्रजीत लिहायचा मला धीर नव्हता, तरी लिहिलं. उत्तर आलं. तिसऱ्या घरातला पॉवेल आजोबांच्या धाकट्या भावाचा नातू निघाला होता.