दवाखान्याची कणगी

मुंजाजी कंपौंडरला गाव शहाणाही म्हणायचं आणि खुळाही. परभणीत एका डॉक्टरांकडे बारा वर्षं औषधाच्या बाटल्या भरून तो पालमजवळच्या आपल्या गावी परतला, तो डोक्यात धर्मार्थ दवाखाना घेऊनच. बहात्तरच्या दुष्काळानंतर गावात हगवणीची साथ आली होती. बौद्धवस्तीतली चार लेकरं एका आठवड्यात गेली, त्यातलं एक त्याच्या बहिणीचं. तेव्हापासून त्याला दुसरं काही सुचत नव्हतं.

नकाशा त्यानं स्वतः काढला. दोन खोल्या, त्याही गाव आणि वस्ती यांच्या मधोमध, म्हणजे कुणाला कुणाच्या दारावरून जायला नको. आठवड्यातून एकदा परभणीचे डॉक्टर एसटीनं येणार, एरवी हा स्वतः. इमारती उभ्या राहतात आणि औषधं संपतात हे त्यानं पाहिलं होतं. म्हणून तीही तजवीज केली: सुगीत प्रत्येक घरानं पायलीभर ज्वारी दवाखान्याच्या कणगीत आणून टाकायची. ती विकून वर्षाची औषधं. त्यानं हे मोठ्या फुशारकीनं आईला सांगितलं.

सुलाबाई भाकरी थापत होती. "आरं, हे तर बलुतंच की."

"बलुतं मागावं लागायचं, माय. हे लोक आपून होऊन आणनार हायेत."

"आणतील," म्हातारी म्हणाली आणि भाकरी उलटली.

छप्पन साली धर्म घेतला तेव्हा बलुत्याची झोळी तिनंच चुलीत घातली होती. त्याआधी मुंजाजीचा बाप सुगीत खळ्याच्या कडेला उभा राहायचा. दाणे वरून टाकायचे, शिवायचं नाही. मातीत सांडलेले दाणे तो वेचत बसायचा. मुंजाजीला ते आठवायचं आणि अंगाची आग व्हायची.

जागा गावातले मोठे जमीनदार दिनकरराव यांनी दिली. "गाव करी ते राव न करी," असं ते सभेत म्हणाले, टाळ्या घेतल्या आणि हार घालून घेतला. दोन खोल्या उभ्या राहिल्या, दवाखाना सुरू झाला. मग सुगी आली. खळी भरली. कणगी मात्र रिकामीच. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात!

दिनकररावांच्या पायात बाभळीचा काटा मोडून जखम चिघळली होती. ते रोज सकाळी फुकट पट्टी बदलून घ्यायला यायचे. मुंजाजीनं विषय काढला.

"आणून टाकायला येळ कुनाला हाय?" दिनकरराव म्हणाले. "तूच ये की खळ्यावर. तुमाला सवय हाय."

मुंजाजीनं पट्टीची गाठ जरा जास्तच आवळली. एवढाच त्याचा सूड. खळ्यावर जाणार नाही म्हणजे नाही, हे त्यानं मनाशी शंभरदा घोकलं. इकडे औषधांचं कपाट रिकामं होत चाललं. "पुढच्या महिन्यापासून येऊन मी नुसती नाडी धरून बसू का?" असं डॉक्टरांनी विचारलं.

आणि अचानक कणगी भरू लागली. रोज सकाळी दवाखाना उघडायला जावं तर ओसरीवरच्या कणगीत ज्वारी वर चढलेली. मुंजाजी हरखला. गाव सुधारलं, असं तो सांगत सुटला. "बघ माय, आणायलेत का न्हाई?"

"व्हय बाबा," सुलाबाई म्हणाली आणि गुडघ्यांना तेल चोळत बसली.

आठ दिवसांनी बन्सीधरच्या खळ्यावर एका मजुराला बैलानं लाथ मारली. मुंजाजी पेटी घेऊन धावला. खळ्याच्या कडेला, त्याचा बाप बसायचा तिथंच, सुलाबाई पदर पसरून बसली होती. गडी वरून दाणे टाकत होता.

मुंजाजीनं मजुराची पट्टी बांधली आणि पेटी मिटली. वाटेत त्यानं आईला गाठलं. "माय, झोळी तू जाळली व्हतीस!"

"जाळली. ती आपल्या पोटासाठी व्हती. हे काय माझ्या पोटाला हाय? उद्या आजून एक लेकरू गेलं तर तुझी अब्रू काय चाटायची?"

तो गावावर चिडला, आईवर चिडला. सगळ्यात जास्त चिडला तो स्वतःवर. त्याच्या नकाशात डॉक्टर होता, कपाट होतं, कणगी होती. दाणे मागायला जाणारं माणूस तेवढं नव्हतं. ती जागा त्याच्या सत्तर वर्षांच्या आईनं भरली होती.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याला कुलूप होतं. दारावर मुंजाजीच्या ठसठशीत अक्षरात पाटी होती: 'कंपौंडर ज्वारी मागायला खळ्यावर गेले आहेत. रोग्यांनी थांबावे.'

मुंजाजी दिनकररावांच्या खळ्यावर होता. अंगात इस्त्रीचा सदरा, हातात पोतं. सुलाबाईला त्यानं घरी बसवलं होतं. एवढ्यात दिनकररावांचा गडी पळत आला.

"मुंजाजी, चल बिगीबिगी! मालक कवाचे दवाखान्याच्या पायरीवर बसलेत. पाय लय ठणकायलाय."

मुंजाजीनं पोत्याचं तोंड आणखी फाकवलं.

"बसू दे. त्यायच्याच घरची ज्वारी घ्यायलोय म्हनावं. मिळाली की येतो."