बाभळीची फांदी

नव्वदीच्या दशकात मी सेनगावहून हिंगोलीला रोज प्रवासी जीपनं जायचो. रस्ता अरुंद. मागून हॉर्न वाजला की सायकलवाले मुकाट्यानं मातीत उतरायचे. सायकलवरची एक बाई मात्र डांबर सोडायची नाही. तिच्या कॅरिअरला बाभळीची काटेरी फांदी आडवी बांधलेली असायची, उजवीकडं हातभर बाहेर आलेली. मागं वळून ती कधी बघायचीच नाही.

एकदा फाट्यावर जीप थांबली, तेव्हा ती तिथंच फांदीची सुतळी आवळत होती. मी विचारलं, “हे काहून बांधता, बाई?”

“मला धडक बसली तर डायवर पळून जाईल,” ती म्हणाली. “जीपला ओरखडा आला तर मालकाला काय सांगंल?”

ती सायकलवर बसून पुढं निघाली. त्या दिवशीही आमची जीप तिला चांगली लांबून टाळून गेली. हिंगोलीत उतरल्यावर ड्रायव्हरनं जीपच्या डाव्या बाजूवरून हळूच हात फिरवून पाहिला.