डबकीतला धूर

अकोटहून परतवाड्याला निघालेल्या एसटीत एकाएकी जळका वास सुटला. इंजिन पेटलं समजून ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली आणि आम्ही सगळे धडपडत खाली उतरलो. मी लग्नाला निघालेली, नवी साडी सावरत. माझ्या शेजारचा टोपीवाला म्हातारा मात्र उतरला नाही. तो शांतपणे सरकून माझ्या खिडकीत बसला.

"बाबा, मरता का? उतरा ना!" कंडक्टर ओरडला.

"काई जळून नाई राहिलं," त्याने पायाजवळची पत्र्याची डबकी थोपटली. "हा माया औषधाचा वास. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या भट्टीत जाळतो, धूर थंडा करून त्याचं पाणी धरतो, अन् कपाशीवर फवारतो."

"मंग आंधी कावून नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं, त तुमी मलेच उतरवलं असतं."

आम्ही पुन्हा चढलो, गाडी सुटली. मी खिडकी परत मागितली. त्याला ऐकूच आलं नाही. मी चिडून विचारलं, "या घाणीनं अळी तरी मरते का?"

"तेच पाहाचं आहे, बाई. मागच्या साली दुकानातलं फवारलं, त मी दवाखान्यात अन् अळी ठणठणीत!"

तेवढ्यात खड्डा आला, डबकी हिंदकळली आणि माझी साडी भिजली. त्याने खांद्यावरच्या दुपट्ट्याने ती पुसली, म्हणजे वास नीट पसरवला.

पंगतीत माझ्या दोन्ही बाजूंची माणसं लांब सरकली. त्यांच्या ताटांवर माश्यांची जत्रा भरली होती. माझ्या जिलेबीकडे एकही फिरकली नाही.

खिडकीवरून भांडताना बाबाचं नाव-गाव विचारायचंच राहिलं. नाहीतर पोस्टकार्ड टाकलं असतं: खिडकी तुमचीच, औषध लागू पडतं.