एकशे सत्तर ग्रेन आणि विसरलेला डबा

"हा बॉक्स चालेल ना?" माझं गिऱ्हाईक ग्रँट विचारत होता, आणि तेवढ्यात दुकानाच्या दारातून माझ्या सासूबाई आत आल्या. हातात मी घरी विसरलेला डबा. शेजारणीने गाडीतून आणून सोडलं होतं त्यांना.

न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चमध्ये शिकारीच्या सामानाच्या दुकानात मी काडतुसांचा काउंटर सांभाळते. साताऱ्याहून आलेल्या, अंड्यालाही न शिवणाऱ्या सासूबाईंना आम्ही सांगितलं होतं, स्पोर्ट्सचं दुकान आहे.

ग्रँटकडे वडिलांची लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल. म्हणजे खालची कडी पुढे-मागे केली की पुढचं काडतूस वर येतं, ती जुन्या पद्धतीची. त्याला रेड स्टॅग मारायचा होता. आपल्या सांबराच्या जातकुळीतला, अंगाने थोराड नर. त्याच्या हातात एकशे पन्नास ग्रेनचा बॉक्स होता. ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप. हलकी गोळी वेगात जाते, पण एवढ्या मोठ्या जनावराच्या खांद्यात खोल शिरेलच असं नाही. त्याला हवी होती एकशे सत्तरची. एरवी हे मी गिऱ्हाइकाला कंटाळा येईपर्यंत सांगते. पुण्याची मेकॅनिकल इंजिनियर ना मी! त्या दिवशी मला फक्त तो जायला हवा होता.

"स्वीट अ‍ॅज," मी म्हणाले, म्हणजे इथल्या बोलीत 'एकदम झकास'. लायसन्स बघितलं, बिल केलं, तो गेला.

सासूबाई भिंतीवरच्या शिंगवाल्या मुंडक्याकडे बघत होत्या.

"काय घेतलं गं त्याने?"

"बूट, आई."

"एवढ्याशा डबीत?"

शरमेने मेल्यासारखं झालं. मग सांगितलं सगळं. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या नुसत्या स्टुलावर बसल्या.

"एका फटक्यात मरतं का गं? की तडफडत पळतं?"

"योग्य गोळी असली तर एका फटक्यात."

"मग योग्य दिलीस ना?"

मी पार्किंगकडे धावले. ग्रँटने गाडी सुरू केली होती. मी काचेवर थापा मारल्या.

"ग्रँट, चुकीचं सांगितलं मी. आत चल, एकशे सत्तरचा घे."

"यू ओके?" त्याने विचारलं. काय सांगणार, कप्पाळ!

पुढच्या आठवड्यात तो येऊन सांगून गेला, स्टॅग जागच्या जागी पडला. घरी सासूबाईंनी आपणहून विचारलं. मी सांगितलं. "सुटला बिचारा," एवढंच म्हणाल्या आणि देवापुढे हात जोडून आल्या.

संध्याकाळी साताऱ्याहून त्यांच्या बहिणीचा व्हिडिओ कॉल आला. मी कणीक मळत होते.

"सून ना? अगं, स्पोर्ट्सच्या दुकानात आहे. छान चाललंय तिचं."

उभ्या जन्मात खोटं न बोललेली बाई. माझ्याकडे न बघता बोलली. मला मान वर करवेना.

आता दुकानात कुणीही येवो, गोळीचं वजन मी नीट समजावल्याशिवाय बॉक्स देत नाही. गिऱ्हाइकाला चुकीचं दिलं तर पार्किंगपर्यंत धावून बदलून देता येतं. सासूबाईंच्या तोंडी दिलेलं खोटं कसं परत घ्यायचं, ते मला अजून जमलेलं नाही.